खोललेल्या गाडीचा ताबा

अमेरिकी मोटारींच्या परिभाषेत ‘फुल-साइज’ ही संज्ञा कंपनीच्या सर्वांत मोठ्या कौटुंबिक गाडीला लावली जाते. दोन सलग बाकांवर सहा प्रौढ माणसे ऐसपैस बसावीत, मागे सामानाची डिकी खोल असावी आणि पुढे व्ही-८ इंजिन असावे, हा १९६० च्या दशकातील तिचा रूढ साचा होता. क्रायसलर कंपनी आपल्या गाड्यांच्या सांगाड्यांना इंग्रजी अक्षरांनी ओळखत असे, त्यात लहान गाड्यांचा सांगाडा ए, मधल्या गाड्यांचा बी आणि मोठ्या गाड्यांचा सी होता, आणि १९६५ च्या मॉडेलपासून प्लायमाउथ फ्युरी, डॉज पोलारा व क्रायसलर न्यूपोर्ट या तीन वेगवेगळ्या नावांच्या गाड्या याच सी-बॉडीवर बांधल्या जाऊ लागल्या. प्रस्तुत विवेचन त्यांपैकी १९६६ च्या न्यूपोर्ट चार-दारी हार्डटॉप या प्रस्तुत लेखकाच्या गाडीच्या पुनरुज्जीवनावर आधारलेले आहे. हार्डटॉप म्हणजे पुढच्या व मागच्या खिडक्यांच्या मध्ये खांब नसलेली, काचा उतरवल्या की कडेने सलग मोकळी दिसणारी बंद छताची गाडी. या न्यूपोर्टची लांबी अठरा फुटांहून अधिक, चाकांमधील अंतर १२४ इंच आणि इंजिन ३८३ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.३ लिटरचे आहे. न्यू जर्सीतील सर्वसाधारण घराच्या गॅरेजमध्ये ती मावते, परंतु ती आत लावल्यानंतर गॅरेजचे दार लागेलच असे नाही, ही बाब खरेदीपूर्वी टेपने मोजून पाहावी.

या वर्गातील गाड्यांविषयी सामान्य समज असा आहे की जुने इंजिन दुरुस्त करणे हेच सर्वांत कठीण काम असते, आणि हा समज मुळातच चुकीचा आहे. ३८३ इंजिन, त्याला जोडलेला ७२७ क्रमांकाचा टॉर्कफ्लाइट स्वयंचलित गिअरबॉक्स आणि मागचा पावणेनऊ इंची डिफरन्शियल हे तिन्ही घटक क्रायसलरने वर्षानुवर्षे असंख्य गाड्यांत वापरले, त्यामुळे पिस्टन, बेअरिंग, गॅसकेट, पाण्याचा पंप, क्लच प्लेट यांसारखे आतले भाग आजही नवे मिळतात. दुर्मीळ असते ते बाहेरचे. पुढची जाळी, मागच्या दिव्यांच्या काचा, दारांवरील चमकत्या पट्ट्या, हार्डटॉपच्या छताकडेचे रबर, बंपरची टोके आणि बाकांचे मूळ कापड हे भाग दरवर्षी बदलले जात, कारण अमेरिकी कंपन्यांचे विक्रीशास्त्रच असे होते की यंत्र तेच ठेवून चेहरा बदलला की ग्राहकाला कालची गाडी जुनी वाटावी. फोर्डमधून १९६१ मध्ये क्रायसलरकडे आलेल्या एलवूड एंगल यांच्या हाताखाली या सरळ रेषांच्या, सपाट पत्र्याच्या गाड्या रेखल्या गेल्या. १९६५ व १९६६ च्या गाड्यांचे मूळ अंग एक असले तरी त्यांची जाळी वेगळी आहे, आणि १९६७ मध्ये तर पत्राच बदलला. परिणामी एखादा भाग नेमक्या बारा महिन्यांच्या उत्पादनापुरताच बनलेला असतो.

अशा भागांच्या नव्या प्रतिकृती का बनत नाहीत, याचे कारण साध्या हिशेबात आहे. साचा तयार करण्याचा खर्च मोठा असतो आणि तो वसूल होण्याइतकी मागणी मस्टँग, कमॅरो, चार्जर किंवा बाराकुडा या दोन-दारी वेगवान गाड्यांनाच आहे. चार दारांच्या कौटुंबिक न्यूपोर्टसाठी साचा घडवणारा उद्योजक सहसा सापडत नाही. शिवाय ज्या शेकडो गाड्यांतून हे भाग काढता आले असते त्या ‘डिमॉलिशन डर्बी’ नावाच्या खेळात, म्हणजे मैदानात गाड्या एकमेकींवर आदळून शेवटी चालती राहणारी गाडी विजयी ठरवण्याच्या खेळात, कामी आल्या. मजबूत आणि स्वस्त म्हणून सी-बॉडी गाड्या त्या मैदानांत विशेष पसंत केल्या जात. क्रायसलरच्याच १९६४ ते १९६६ च्या इम्पीरियल गाड्यांना तर अतिदणकटपणामुळे अनेक ठिकाणी बंदीच घालावी लागली.

मराठी वाचकाला क्रायसलर हे नाव परके नसावे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात फिएटचा जम बसण्याआधी डॉज, प्लायमाउथ आणि डिसोटो या क्रायसलरच्याच गाड्यांची जुळणी होत असे, आणि न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मुंबईकर मंडळींपैकी काहींना या गाड्यांची जी ओढ वाटते तिचे मूळ तिथे आहे. या ओढीपायी बाजारात शिरणाऱ्यांसाठीच पुढील तपशील नोंदवला आहे.

कोणत्याही पुनरुज्जीवनात पहिले काम गाडी खोलण्याचे नसून तिची ओळख कागदावर उतरवण्याचे असते, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे, आणि ते मत काम सुरू होण्यापूर्वीही ठाम होते, हे येथे मुद्दाम नमूद करणे आवश्यक आहे, कारण गाडी पुनरुज्जीवनासाठी ज्या कार्यशाळेकडे सोपवली तिच्याशी नंतर झालेल्या वादात ‘मालकाला आपल्याच गाडीची माहिती नव्हती’ असा प्रचार तिच्याकडून केला गेला. १९६६ च्या क्रायसलरचा ओळखक्रमांक चालकाच्या बाजूच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर असतो आणि त्याची सुरुवातीची अक्षरे व अंक अर्थपूर्ण असतात: सीएल४३जी६ यात सी म्हणजे क्रायसलर, एल म्हणजे किमतीची खालची श्रेणी अर्थात न्यूपोर्ट, ४३ म्हणजे चार-दारी हार्डटॉप, जी म्हणजे ३८३ घनइंचांचे इंजिन आणि ६ म्हणजे १९६६. याखेरीज बॉनेटखाली धातूची एक लहान पट्टी असते, तिच्यावर रंग, आतील सजावट आणि जुळणीची नियोजित तारीख सांकेतिक अंकांत ठोकलेली असते. इंजिनावर दोन वेगळ्या खुणा असतात. एक म्हणजे ब्लॉक, अर्थात इंजिनाचा ओतीव लोखंडी देह, ओततानाच त्याच्या कुशीवर उठावदार अंकांत आलेली ओतण्याची तारीख. आणि दुसरी म्हणजे पुढच्या अंगाला डिस्ट्रिब्युटरजवळच्या सपाट पृष्ठभागावर ठोकलेला शिक्का, ज्यात मॉडेलवर्षाचे अक्षर, इंजिनाचा आकार व जुळणीची तारीख असते. १९६५ साठी ए, १९६६ साठी बी, १९६७ साठी सी असा तो क्रम आहे. या सर्व खुणांची छायाचित्रे गाडी कार्यशाळेत नेण्यापूर्वीच काढून ठेवलेली होती, आणि शिक्क्यावर बी हे अक्षर होते.

येथे एक कायदेशीर उणीव ध्यानात घ्यावी लागते. क्रायसलरने गाडीच्या ओळखक्रमांकाचा काही भाग इंजिनावर ठोकण्याची पद्धत १९६८ च्या मॉडेलपासून सुरू केली. त्यापूर्वीच्या गाडीत ‘हे इंजिन याच गाडीचे’ असे सांगणारा कोणताही अंक इंजिनावर नसतो. म्हणून मालकी सिद्ध करण्याची सारी मदार छायाचित्रांवर व तारखांच्या ताळमेळावर राहते, आणि जुन्या गाड्यांच्या व्यवसायात मुरलेल्या माणसाला ही गोष्ट गाडीच्या मालकापेक्षा आधी माहीत असते.

संबंधित कार्यशाळा न्यू जर्सीच्या शेजारच्या राज्यात आहे आणि तिचे नाव येथे देण्याचे कारण नाही. तिच्या मालकाचे बोलणे आरंभी अत्यंत आर्जवी होते. सी-बॉडी गाड्यांविषयी त्याला खरेखुरे ज्ञान होते, हेही मान्य केले पाहिजे, कारण अज्ञानी माणसाकडून झालेले नुकसान वेगळ्या जातीचे असते. कामाचा अंदाज त्याने लेखी दिला, परंतु त्यात तासांचा दर होता, तासांची कमाल मर्यादा नव्हती, आणि ती घालण्याविषयी विचारले असता ‘जुन्या गाडीत आत काय निघेल ते परमेश्वरालाच ठाऊक’ अशा अर्थाचे उत्तर मिळाले, जे खरेही होते. पहिली रक्कम जमा होताच गाडी आठवड्याभरात पूर्णपणे खोलली गेली: दारे उतरवली, काचा काढल्या, इंजिन बाहेर आले, जाळी, पट्ट्या आणि दिवे खोक्यांत गेले. त्यानंतर काम थंडावले. इतक्या तत्परतेने खोलणे आणि इतक्या आळसाने जोडणे यांचा परस्परसंबंध त्या वेळी योगायोग भासला तरी तो तसा नसतो. खोललेली गाडी उसवलेल्या गोधडीसारखी असते, ती उचलून दुसऱ्या शिवणाऱ्याकडे नेता येत नाही, कारण कोणता तुकडा कुठला हे फक्त उसवणाऱ्यालाच ठाऊक असते. बिलांत मात्र खंड नव्हता. ‘संशोधन’ नावाच्या शीर्षकाखाली, म्हणजे दुर्मीळ भाग शोधण्यासाठी फोनवर घालवलेल्या वेळेसाठी, तास लावले जात होते; तो शोध कोणत्या भागाचा आणि कोणाकडे घेतला याची नोंद मागितली की फोन उचलला जात नसे किंवा उचलणारा ‘मालक आज नाहीत’ असे सांगत असे, आणि मागे मालकाचाच आवाज ऐकू येत असे.

इंजिन बांधून आल्याचा निरोप अखेर मिळाला आणि सोबत भरघोस बिल आले, ज्यात ‘मूळ इंजिन पूर्णपणे बांधणे’ अशी ओळ स्पष्ट होती. कार्यशाळेत इंजिन लोखंडी घोडीवर उभे केलेले होते, क्रायसलरच्या त्या काळातील नीलहरित रंगात रंगवलेले, आणि पाहणाऱ्याला प्रथमदर्शनी दाद द्यावीशी वाटावी इतके सुबक होते. तथापि डिस्ट्रिब्युटरजवळच्या सपाट जागेवर रंगाचा थर इतरत्र नव्हता इतका जाड होता, इतका की शिक्क्याची अक्षरे त्यात बुजून गेली होती, आणि जो कारागीर बाकी सर्वत्र रंगाचा ओघळही येऊ देत नाही त्याचा ब्रश नेमका तिथेच दोनदा का फिरावा, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहिला नाही. थिनरने भिजवलेल्या चिंधीने तो थर पुसला असता खाली सी हे अक्षर उघडे पडले. त्यानंतर बाजूची ओतण्याची तारीख वाचली गेली: ती १९६६ च्या शरद ऋतूतील होती, आणि गाडीच्या धातुपट्टीवरील जुळणीची तारीख त्याच वर्षीच्या वसंतातील होती. म्हणजे गाडी कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर कित्येक महिन्यांनी ज्या ब्लॉकचे लोखंड वितळवून साच्यात ओतले गेले, तो ब्लॉक त्या गाडीचे ‘मूळ इंजिन’ म्हणून पैसे मागत होता. जुने छायाचित्र शेजारी धरले असता वादाला जागा उरली नाही. निदान उरायला नको होती.

कार्यशाळेच्या मालकाचे पुढचे वर्तन क्रमाने नोंदवण्यासारखे आहे, कारण असा प्रतिवाद या व्यवसायात जवळजवळ साचेबंद आहे. प्रथम त्याने छायाचित्र दुसऱ्याच गाडीचे असल्याचे सुचवले. छायाचित्रात शिक्क्याबरोबर गाडीच्या फायरवॉलवरील, म्हणजे इंजिन व प्रवासी कक्ष यांमधील पत्र्यावरील, रंगाचा विशिष्ट ओरखडा दिसत होता आणि तो ओरखडा समोरच्या सांगाड्यावर अजून होता, तेव्हा हा मुद्दा सोडून देण्यात आला. मग मूळ ब्लॉकला तडा होता आणि यंत्रकाम करणाऱ्या दुसऱ्या कारखान्याने तो बदलून दिला, असे सांगण्यात आले. तडा गेलेला ब्लॉक दाखवा म्हटल्यावर तो भंगारात गेल्याचे उत्तर आले. शेवटी, दोन्ही इंजिने ३८३ घनइंचांचीच आहेत, चालताना कोणाला फरक कळणार आहे, आणि गाडीच्या मालकाला खरे तर एका वर्षाने नवे इंजिन मिळाले आहे, असा युक्तिवाद हसत हसत करण्यात आला. हा शेवटचा युक्तिवाद यांत्रिक दृष्टीने खोटा नाही, आणि म्हणूनच तो अधिक संतापजनक आहे. गाडीचे मूळ इंजिन आणि तिचा ओळखक्रमांक यांचा मेळ हाच जुन्या गाडीच्या किमतीचा मोठा भाग असतो, हे त्याच माणसाने पहिल्या भेटीत स्वतःहून समजावून सांगितले होते.

येथे काही परिचितांनी प्रस्तुत लेखकाला दिलेला सल्ला असा होता की बिल भरू नये आणि गाडी उचलून आणावी. तो सल्ला देणाऱ्यांना ‘लीन’ ही तरतूद माहीत नव्हती. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत दुरुस्ती करणाऱ्याला मजुरी मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवण्याचा कायदेशीर हक्क असतो, त्यालाच लीन म्हणतात. बिलाविषयी वाद असला तरी गाडी त्याच्या आवारात राहते, राहण्याचे भाडे दिवसागणिक बिलात जमा होऊ शकते, आणि ठरावीक नोटिशीनंतर ती लिलावात विकण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकते. या परिस्थितीत वकिलाच्या सल्ल्याने ‘निषेध नोंदवून’ रक्कम भरण्यात आली, म्हणजे ही रक्कम वादग्रस्त असून ती परत मागण्याचा हक्क राखून ठेवला आहे असे लिहून देऊन गाडी सोडवण्यात आली, आणि सांगाडा, इंजिन व खोकी सपाट ट्रकवरून घरी आली. पुढील दाव्यात खर्च किती आणि हाती काय, याचा हिशेब वकिलाने मांडून दाखवल्यावर तो दावा लढण्याजोगा उरला नाही. बी शिक्क्याचे इंजिन आज कोणाच्या गाडीत आहे, हे प्रस्तुत लेखकाला ठाऊक नाही, पण कार्यशाळेला ठाऊक असले पाहिजे.

यातून इतरांनी घ्यावयाची खबरदारी मुख्यतः कराराच्या मांडणीत आहे. पैसे महिन्यांवर नव्हे तर टप्प्यांवर द्यावेत, आणि पहिला टप्पा ‘गाडी खोलणे’ हा कधीही असू नये; पत्र्याचे काम, त्यानंतर रंग, त्यानंतर यंत्रभाग असे क्रमाने, एका वेळी एकाच भागाला हात लागेल अशी अट लिहून घ्यावी, जेणेकरून संबंध बिघडल्यास उरलेली गाडी जोडलेल्या अवस्थेत परत नेता येईल. बदललेला प्रत्येक जुना भाग परत हवा, अशी मागणी काम सुरू होण्यापूर्वी लेखी करावी. अनेक राज्यांत अशा मागणीला कायद्याचे पाठबळ आहे, मात्र मागणी नंतर केली तर भाग आधीच भंगारात गेलेला असतो, निदान तसे सांगितले जाते. भाग अन्य कारखान्याकडे पाठवला जाणार असल्यास त्या कारखान्याचे नाव, पाठवल्याची तारीख आणि पावती यांची प्रत मालकाला मिळाली पाहिजे. इंजिनाच्या शिक्क्याचे छायाचित्र काढताना त्याच चौकटीत गाडीचा काही अविभाज्य भाग दिसेल असे पाहावे. आणि इंजिन पाठवताना ब्लॉकच्या नजरेआडच्या जागी पंचने एखादी खासगी खूण ठोकून तिची नोंद स्वतःजवळ ठेवावी. ही खूण कोणालाही सांगू नये, अगदी विश्वासू मेकॅनिकलाही नाही.

‘कोअर’ नावाच्या प्रथेविषयीही सावध राहावे. स्टार्टर, अल्टरनेटर, कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर यांसारखे भाग दुकानात दुरुस्त करून विकले जातात आणि ग्राहकाने जुना भाग जमा केल्यास ठरावीक रक्कम परत मिळते, त्या जुन्या भागाला कोअर म्हणतात. सामान्य गाडीसाठी ही सोय उत्तम आहे, परंतु जुन्या गाडीत कारखान्याचा क्रमांक व तारीख असलेला मूळ डिस्ट्रिब्युटर या मार्गाने गेला की तो कायमचा गेला. कोअरची रक्कम सोडून द्यावी आणि मूळ भाग स्वतःच्या माणसाकडून दुरुस्त करून घ्यावा.

आता भागांच्या शोधाविषयी. अमेरिकेत भंगारवाल्यांच्या मोठ्या आवारांत ‘हॉलंडर इंटरचेंज मॅन्युअल’ नावाचा जाडजूड ग्रंथ वापरला जात असे, ज्यात एका गाडीचा कोणता भाग दुसऱ्या कोणत्या गाड्यांना बसतो याची कोष्टके असतात. त्याच्या जुन्या आवृत्त्या मिळवून ठेवणे हा या छंदातील सर्वांत फायद्याचा खर्च आहे, कारण न्यूपोर्टचा म्हणून न सापडणारा भाग पोलाराचा म्हणून सहज सापडतो, आणि विक्रेत्यालाही ते माहीत नसल्यामुळे किंमत रास्त राहते. कंपनीचा सुट्या भागांचा कॅटलॉगही जवळ असावा. त्यातील भागक्रमांक पुढे बदललेले असू शकतात, म्हणजे जुन्या क्रमांकाचा भाग कंपनीने नंतर नव्या क्रमांकाने विकलेला असतो, म्हणून दोन्ही क्रमांकांनी शोध घ्यावा. कोरड्या हवेच्या राज्यांतील, विशेषतः ॲरिझोना व न्यू मेक्सिकोतील, आवारांत पत्रा गंजरहित मिळतो, पण उन्हाने डॅशबोर्ड, रबर व बाकांचे कापड करपलेले असते. ईशान्येकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे नेमके उलट, आतले सामान धड आणि पत्रा चाळणी झालेला. एकाच गाडीतून सर्व काही मिळण्याची आशा धरू नये.

पेनसिल्व्हेनियातील हर्शी येथे ऑक्टोबरमध्ये अँटीक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिकेचा मेळावा भरतो आणि त्याच राज्यातील कार्लाइल येथे उन्हाळ्यात केवळ क्रायसलर गटाच्या गाड्यांचा मेळावा असतो. दोन्ही ठिकाणी ‘स्वॅप मीट’, अर्थात सुट्या भागांचा खुला बाजार, असतो. सी-बॉडीसाठी कार्लाइल अधिक उपयुक्त. तिथे पहाटे जावे, सोबत तुटका भाग न्यावा, आणि विक्रेत्याच्या तोंडच्या ‘एनओएस’ या अक्षरांवर विश्वास ठेवू नये. एनओएस म्हणजे कंपनीने त्या काळी बनवलेला, कधीही न वापरलेला, दुकानाच्या फडताळात राहून गेलेला नवा भाग. अशा भागाची किंमत वापरलेल्या भागाच्या अनेक पट असते आणि म्हणूनच क्रायसलरच्या मोपार या सुट्या भागांच्या नाममुद्रेची जुनी रिकामी खोकीसुद्धा स्वतंत्रपणे विकली जातात. रिकामे खोके विकत घेणाऱ्याला त्यात काय ठेवायचे असते, हा विचार प्रत्येकाने करावा. प्रस्तुत लेखकाला विकण्यात आलेली मागच्या दिव्याची ‘एनओएस’ काच अशाच अचूक क्रमांकाच्या खोक्यात होती. परंतु दिव्यांच्या काचांवर एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकानुसार बारीक उठावदार अक्षरे व बहुधा रचनेच्या वर्षाचे दोन अंक असतात, आणि त्या काचेवर ६६ ऐवजी ६५ होते. तो विक्रेता पुढच्या वर्षी त्याच जागी बसलेला आढळला आणि त्याने ओळख दाखवली नाही.

मुलाम्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण पैसा सर्वाधिक तिथेच वाया जातो. बंपर पोलादाचे असतात आणि त्यांच्यावर तांबे, निकेल व शेवटी क्रोमियम असे थर दिले जातात. हे काम महाग असले तरी खात्रीचे असते. दिव्यांच्या चौकटी, नावाची अक्षरे आणि काही मुठी मात्र जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव असतात, ज्याला बाजारात ‘पॉट मेटल’ म्हणतात. या धातूला आतून खड्डे पडतात, ते एकेक कोरून स्वच्छ करून तांब्याने भरावे लागतात, आणि म्हणून हाताएवढ्या चौकटीचा खर्च बंपरच्या जवळ जाऊ शकतो. कडेच्या पट्ट्या दोन प्रकारच्या असतात: स्टेनलेसच्या, ज्या ठोकून सरळ करून घासता येतात, आणि ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमच्या, ज्यांच्यावर रासायनिक क्रियेने आलेला कठीण थर आधी रसायनानेच उतरवावा लागतो. दोन्हीवर एकच पॉलिश मारणारा कारागीर ॲल्युमिनियमची पट्टी कायमची मंद करून ठेवतो. लोहचुंबकाने हा फरक खात्रीने कळत नाही, वजनावरून कळतो.

सुरक्षेच्या बाबी थोडक्यात. १९६६ च्या गाडीत ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकेरी असतो, म्हणजे एका चाकाची नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. दुहेरी सिलिंडर १९६७ च्या मॉडेलपासून आला, आणि तो बसवून घेताना शुद्धतावाद्यांचा आक्षेप ऐकू नये. पुढे डिस्क ब्रेक असलेली गाडी घेण्याचा मोह टाळावा, कारण त्या वर्षीच्या मोठ्या क्रायसलरमध्ये वापरलेल्या बड या कंपनीच्या बनावटीच्या डिस्क मिळणे अतिशय कठीण आहे, तर ड्रमचे भाग मिळतात. बॅटरी भारित करणारा सारा प्रवाह डॅशबोर्डवरील अँमीटरमधून आणि फायरवॉलवरील प्लास्टिकच्या जोडणीतून जातो. ती जोडणी तापून वितळते, म्हणून वायरिंगचे काम सर्वांत आधी. डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात आणि बोल्टच्या टोकावर एल हे अक्षर असते. हे न पाहता हवेच्या बंदुकीने नट फिरवणाऱ्या टायरवाल्यांनी मोडलेल्या बोल्टांची संख्या मोठी असावी. विमा ‘मान्य मूल्या’चा घ्यावा, म्हणजे नुकसान झाल्यास घसारा न लावता आधी ठरलेली रक्कम मिळते. पुरेसे पैसे व धीर बाळगावा, हे तर कोणीही सांगेल.

गाडी पुढे विकायची झाल्यास तिचे इंजिन १९६७ च्या शिक्क्याचे आहे, हे जाहिरातीत स्पष्ट लिहिणे बंधनकारक समजावे, आणि खरेदी करणाऱ्यानेही खरेदीपूर्वी तो शिक्का रंग पुसून स्वतः वाचावा. विक्रेत्याने त्याला हरकत घेतली तर तिथेच व्यवहार थांबवावा. प्रस्तुत लेखकाची न्यूपोर्ट दुसऱ्या एका मेकॅनिकच्या हातून जोडली जाऊन आता चालते, तिची फाइल छायाचित्रांसह पूर्ण आहे, आणि मुलाम्याचे काम तर पहिल्या कार्यशाळेशी काडीचाही संबंध नसलेल्या कारखान्यातून झालेले आहे. असे असूनही त्या कार्यशाळेच्या जाहिरातपत्रकावर, ‘आमचे काम’ या मथळ्याखाली, एका मेळाव्यात टिपलेले याच गाडीच्या पुढच्या बंपरचे छायाचित्र छापलेले आहे, आणि ते काढून टाकण्याविषयी पाठवलेल्या पत्राला अद्याप उत्तर आलेले नाही.